साखराबाईंचा श्वास

ही हकीकत खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावे. मी कुणाची मनधरणी करणार नाही.

घराणे जळकोटकडचे. विरूपाक्षप्पा. त्यांचे चिरंजीव गुरुपादप्पा. त्यांचे शिवलिंगप्पा. आणि शिवलिंगप्पांचा एकुलता एक मृत्युंजय, ज्याची लातुरात डाळ मिल होती.

घटना मागच्या उन्हाळ्यातली. भर दुपारची. भुते केवळ अमावास्येला निघतात असे मानणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

चारही पिढ्यांतले पुरुष घोरणारे. असे घोरत की पाहुणा मुकाट्याने अंथरूण उचलून ओसरीवर जाई. घराला त्याचा अभिमान होता.

मात्र त्या घोरण्याला एक खोड होती.

आवाज चढत जाई. चढत जाई... आणि तुटे.

मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

म्हणून त्या घरच्या सुनांना एक रीत पाळावी लागे. नवऱ्याच्या छातीवर हात ठेवूनच निजायचे. श्वास थांबला की धक्का द्यायचा. याला ‘हात राखणे’ म्हणत. मृत्युंजयच्या आई उमादेवी, म्हणजे माझी धाकटी बहीण, हिने ऐन तारुण्यापासून हात राखला. तरीही शिवलिंगप्पा झोपेतच गेले. त्यांचे वडील तसेच गेले होते. आजोबाही.

मृत्युंजय मिलमध्ये बसल्या बसल्या पेंगू लागला. एकदा स्कूटरवर डोळा लागला, तेव्हा त्याने डॉक्टर गाठला. झोपेची तपासणी झाली. डॉक्टरांनी एक यंत्र दिले. नाकावर मुखवटा, त्याला नळी, आणि नळीतून सतत हवा. दुपारची डुलकीसुद्धा त्याच्याशिवाय घ्यायची नाही अशी ताकीद.

“श्वास बंद पडला की उठवायला बायको कशाला केली?” उमादेवींनी विचारले.

सून उज्वला शाळेत शिक्षिका. तिने जीभ आवरली नाही. “रातभर हात ठेवून सकाळी पोरांपुढं मी झोपू का, अव्वा?”

“आमी झोपलो होतो का कुणापुढं?”

“तुमी दोघी भांडा निवांत,” मृत्युंजय मुखवटा चढवत म्हणाला. “मी सोंड लावून गणपती होतो.”

यंत्राने काम चोख केले. घर प्रथमच शांत झाले. उज्वलाने हात राखणे सोडले.

आणि एका दुपारी, जेवणे आटोपल्यावर, उमादेवींना घोरणे ऐकू आले.

बारीक... बाईमाणसाचे...

उज्वलाचे म्हणावे तर ती स्वयंपाकघरात उभी होती. जागी. तिच्याही हातातले ताट थांबले होते.

दोघी खोलीच्या दाराशी गेल्या. मृत्युंजय लहान मुलासारखा गाढ झोपलेला. यंत्राची हलकी घरघर.

आणि ते घोरणे... फरशीच्या खालून येत होते.

“शेजारचं असंल,” उज्वला पुटपुटली.

आवाज चढला. चढला... आणि तुटला.

उमादेवींना ठाऊक होते. त्या घरात ही गोष्ट सासू सुनेला सांगे, पुरुषांना कधीही नाही.

विरूपाक्षप्पांची पहिली बायको साखराबाई. ती स्वतः घोरत असे. पुरुषाचे घोरणे दिमाखाचे, बाईचे घोरणे लाजेचे. विरूपाक्षप्पांनी दुसरीकडे सोयरीक ठरवून ठेवली होती. एका दुपारी साखराबाईंचा श्वास नेहमीसारखा तुटला. ते शेजारीच बसले होते. एक धक्का पुरला असता.

त्यांनी दिला नाही. “गेली,” म्हणाले.

त्यांच्या समाजात मृताला मांडी घालून, बसवून माती देतात. सायंकाळी शेतात खड्डा घेतला. माती गळ्यापर्यंत आली... आणि खालून घोरणे ऐकू आले. लोक थबकले.

“ओढा माती,” विरूपाक्षप्पा म्हणाले.

पुढचा सारा वंश दुसरीच्या पोटचा.

उमादेवींच्या सासूने मरताना एक वाक्य जास्तीचे सांगितले होते. “मेलेलं माणूस घेऊन तिचं देणं फिटत न्हाई, उमा. तिला जितं दिलं होतं मातीत. ती जितंच मागून राहिलीय.”

काही दिवसांनी यंत्र अडखळू लागले. दुरुस्तीला मुलगा आला. त्याने हवेची गाळणी उघडली आणि हसू लागला.

“मॅडम, मशीन बेडरूममदी लावता का वखराला?”

गाळणीत काळी माती होती. वैशाखात ओली. तिला विभूतीचा वास येत होता.

उज्वलाने गाळणी बदलून घेतली. चार दिवसांत ती पुन्हा भरली.

त्याच आठवड्यात रेणुका घोरू लागली.

मृत्युंजयची ही एकच लेक, दुसरीत शिकणारी. एवढीशी पोर... आणि आवाज मात्र पिकल्या बाईचा. उज्वला म्हणाली, गळ्यातल्या गाठी असतील, दाखवून आणू. उमादेवी नातीच्या उशाशी जाऊन बसल्या.

आवाज चढला. चढला... तुटला.

उमादेवींनी झटकन तिच्या छातीवर हात ठेवला.

त्यांच्या हाताखाली... आणखी एक हात होता.

थंड. ओला. नखांत माती भरलेला. तो हात त्यांच्या ओळखीचा होता. शिवलिंगप्पा गेले तेव्हाही तो असाच मध्ये आला होता.

त्यांनी सारा जोर लावून धक्का दिला. रेणुकाने डोळे उघडले.

“आज्जी... ती बाई म्हणती, थोडी सरक. मला बी बसू दे.”

उमादेवी उठून उभ्या राहिल्या. त्या रिकाम्या खोलीत खणखणीत आवाजात बोलल्या.

“पोरीला हात लावू नको. तुझं तुला मिळंल.”

दुसऱ्याच दुपारी उज्वलाची किंकाळी ऐकू आली.

मृत्युंजय पलंगावर बसला होता. मांडी घालून. पाठ भिंतीला टेकलेली. मुखवटा चढवलेला, यंत्र चालू. आणि मुखवट्यात, नाकातोंडाभोवती... काळी माती.

त्याला बसवले कुणी? कुणी नाही. खोलीत दुसरे कुणीही नव्हते.

गल्लीतले डॉक्टर आले. नाडी पाहिली, कानाला नळी लावली. “हृदय थांबलं,” म्हणाले. ऊन मरणाचे. त्याच सायंकाळी जळकोटच्या शेतात न्यायचे ठरले.

खड्डा साखराबाईंच्या जुन्या समाधीशेजारी. मृत्युंजयला बसवले. कपाळाला विभूती लावली, बेल वाहिला. प्रत्येकाने मूठमूठ माती दिली. मग फावडी चालू झाली. माती गळ्यापर्यंत आली. मग डोक्यावर आली.

आणि खालून...

घोरणे.

दमदार, पुरुषी. त्या घराला ज्याचा अभिमान होता तेच.

फावडी थांबली. विधी करणाऱ्या जंगमांचा मंत्र थांबला. उज्वला मातीवर कोसळली आणि दोन्ही हातांनी उकरू लागली.

“जिते हायत! काढा वर! अव्वा, सांगा की त्यांना!”

सगळ्यांनी उमादेवींकडे पाहिले. घरात मोठ्या त्याच उरल्या होत्या.

उमादेवी मात्र आपल्या मांडीकडे पाहत होत्या. रडून थकलेली रेणुका तिथेच झोपली होती. ती घोरत होती. खड्ड्यातला आवाज चढे तसा तिचाही चढे. दोन्ही एका सुरात. चढत... चढत...

तिच्या छातीवरच्या झग्याला चिखलाच्या पाच बोटांचा ठसा होता.

उमादेवींचा चेहरा हलला नाही.

“प्रेतात कोंडलेली हवा हाय ती,” त्या म्हणाल्या. “ओढा माती.”

“अव्वा! तुमचं लेकरू हाय ते!”

“सुनंला बाजूला घ्या. ओढा.”

माती पडत राहिली. आवाज दबत गेला. मग तुटला.

आणि रेणुकाने एक लांब, मोकळा श्वास घेतला.

त्यानंतर ती पोर कधीही घोरली नाही. घशात गाठी वगैरे काही निघाले नाही. यंत्र पेटीत पडून आहे. त्याची गाळणी कोरडी आहे, पांढरी आहे.

मी श्रावणात त्यांच्याकडे गेले होते. जेवण झाले. उमा पलंगावर आडवी झाली आणि मी थक्क झाले. जन्मात कधी न घोरलेली माझी बहीण घोरत होती. उज्वला तिच्या उशाशी बसली होती. दोन्ही हात मांडीवर.

आवाज चढला. चढला... आणि तुटला.

उज्वला नुसती पाहत राहिली.

मी धक्का देण्यासाठी हात पुढे केला. तिने माझे मनगट धरले. पकड घट्ट होती.

“राहू द्या, मोठ्या अव्वा,” ती शांतपणे म्हणाली. “आत हवा कोंडलेली असती.”

उमाचा श्वास परतला. त्या दिवशी तरी परतला.

साखराबाईंचे देणे मात्र त्या शेतात पुरेपूर फिटले. त्याबद्दल मला शंका नाही. तरीही त्या घरात मी आता दुपारी डोळा मिटत नाही.