छबूच्या अर्जावरची सही

इंद्रायणीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते चिंचवड स्टेशनवर, हातवारे करताना. आणि तेही थेट तिच्याकडे बघून!

म्हणजे... तिला तसं वाटलं. उंच, सावळा, अंगात कारखान्याचा निळा सदरा. एक बोट कानाशी, मग मूठ छातीवर, मग चक्क डोळा मिचकावला. मॅट्रिक पास झालेली वीस वर्षांची पोर ती, गप्प बसते होय?

"ओ मिस्टर! दिवसाढवळ्या खुणा करता? लाज नाही वाटत?"

तो दचकला. मग हळूच तिच्या पाठीमागं बोट दाखवलं. सुटत्या पुण्याच्या गाडीच्या खिडकीतून एक माणूस तसेच हातवारे करत होता, पोट धरून हसत होता.

"माझा थोरला भाऊ," तो म्हणाला. "ऐकू येत नाही त्याला. पुण्यात बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकला, आता छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. आत्ता काय म्हणाला, सांगू?"

"काय?"

"ती पोरगी तुला मारणार!"

इंद्रायणीचे कान तापले. पण मनात भलतंच काही लख्ख झालं... छबू! दादाची सहा वर्षांची छबू, जिला बोलता यावं म्हणून वहिनी रोज जिभेला वेखंड चोळायची.

"अशी शाळा असते?" तिनं त्याची वाटच अडवली. "मग निघालात कुठं? सगळं सांगा आधी."

त्याचं नाव मुरारी. मूळचा चाकणचा, पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटर. रविवारी तो शाळेचा अर्ज घेऊन घरी हजर. सोबत हवा जन्माचा दाखला पाटलांकडून, कानांचा दाखला पुण्याच्या डॉक्टरांकडून, खाली वडिलांची सही. आणि हे सगळं छबूला सात वर्षं पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे याच जूनमध्ये; त्यापुढं शाळा घेत नाही.

'मूल ऐकते काय?' या प्रश्नापाशी वहिनी, सगुणाबाई, अडली.

"ऐकतीया की! दुखणं जिभंचं हाय. मी उखळात मुसळ घातलं की धावत येती."

मुरारीनं छबूला उचलून बाजेवर बसवलं. "घाला घाव."

धप्प! छबू चिंधीच्या बाहुलीशी खेळतच राहिली. मग त्यानं तिला अनवाणी जमिनीवर उभं केलं. धप्प! छबू गर्रकन वळली.

"पायांना कळतं तिच्या, वहिनी. कानांना नाही."

वहिनी मटकन खाली बसली. "तीन वरसं लेकराची जीभ सोलली मी..."

छबूचा इवलासा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून मुरारीनं ओवी धरली. गळा थरथरला तशी छबू खुदकन हसली. इंद्रायणी बघतच राहिली — आणि आपण बघतोय हे लक्षात येताच फटकारून म्हणाली, "किती बेसूर गाता हो!"

"म्हणून तर श्रोते पारखून घेतो," तो म्हणाला.

बाकी सगळं जमत आलं, वहिनी छबूला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवूनही आली, दाखला तेवढा यायचा होता; अडलं ते सहीपाशी. सोपानदादानं अर्ज परत सारला. "पोर पुण्याला धाडली की गावभर व्हईल. मुकीची आत्या म्हणून इंदीला कोण करंल? आधी इंदीचं जमू दे."

"तोवर छबूचं वय निघून जाईल, दादा!" इंद्रायणी उसळली.

"जाऊ दे."

तिसऱ्या रविवारी तळेगावचे पाहुणे इंद्रायणीला बघायला आले. छबूला गोठ्यात कोंडलं होतं. इंद्रायणी नटली, पदर सावरला... आणि सरळ जाऊन गोठ्याची कडी काढली. छबूला मांडीवर घेऊनच पाटावर बसली.

"ही माझी भाची. हिला ऐकू येत नाही, म्हणून बोलत नाही. आता माझं नाव विचारा."

नाव कुणी विचारलं नाही. सुपारी न फोडताच पाहुणे उठले.

"झालं समाधान?" दादा कडाडला. "आता कोण करणार तुला? आँ?"

नेमका तेव्हाच मुरारी डॉक्टरांचा दाखला घेऊन दारात. इंद्रायणीनं त्याच्याकडे पाहिलं. मान ताठ.

"अहो मुरारी... मला करता का?"

दाखला त्याच्या हातातून गळून पडला. "असं... दादांसमोर?"

"मग काय पाठीमागं? लपवाछपवी पुरे झाली या घरात."

मुरारी कानापर्यंत लाल झाला. पण दादासमोर येऊन उभा राहिला. "दादा, माझा थोरला भाऊ बहिरा आहे. आख्ख्या चाकणला ठाऊक आहे, आम्ही लपवत नाही. आणि... अर्ज पोस्टानंही धाडता आला असता. एका अर्जापायी तीन-तीन रविवार कोण येतं?"

वहिनीनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापुढं कागद आपटला.

"इंदीचं जमलं. आता तुमची कसली सबब ऱ्हायली न्हाई. करा सही."

दादानं छबूकडे पाहिलं. मग खाली वाकला. सही जरा वाकडी आली, पण आली.

शाई वाळायच्या आत इंद्रायणीनं अर्ज ओढून घेतला.

"उद्या पहिली गाडी कितीला?"

"सहा-पाचला," मुरारी म्हणाला.

"तुम्ही येताय."

"विचारताय... की सांगताय?"

"सांगतेय!"