रिमोटचा पाचवा सेल

"नंदे, गाडी पुन्हा मेली!"

सकाळचे सव्वासहा. नंदिनीच्या तोंडात अजून ब्रश होता आणि फोनमधून मंजुषा आत्या ओरडत होती.

"तलावाच्या पाळीवर उभी हाय मी. नवा सेल घेऊन ये. पळत!"

"अगं, सोमवारीच तर बदलला!"

"अन् आज शनिवार! पाच दिवस बी नाई टिकला!"

नंदिनी सायकलवरून सुटली. तिची आत्या वनरक्षक. पोंभुर्ण्याजवळच्या या गावात भावाकडेच राहायची आणि जुनी घेतलेली मोटारसायकल आपल्या बीटमध्ये, म्हणजे राखायला दिलेल्या जंगलाच्या भागात, फिरवायची. ती गाडी किल्लीची नव्हती, रिमोटची. रिमोट खिशात असला की बटण दाबायचं, गाडी सुरू. रिमोटमधला नाण्याएवढा सेल मेला की गाडी म्हणजे नुसतं दीड क्विंटल लोखंड. सेलशिवाय सुरू करायचा एक नंबर असतो म्हणे. तो लिहिलेलं कार्ड आधीच्या मालकानं हरवलं होतं.

पाळीवर आत्या गाडीला टेकून उभी होती. डोळे लाल.

"साहेबांचा फोन आल्ता. या महिन्यात आणखी एकदा उशीर झाला तं माही बीट काढून घेते म्हणे. रोपवाटिकेत जा अन् पिशव्यांत माती भर! सहा वर्षं एकेक नाला पायानं मोजला म्या, नंदे."

नंदिनीनं रिमोटची चामडी खोळ काढली, झाकण उघडलं, सेल बदलला. दसऱ्यानंतरचा हा पाचवा. झाकणाची कडी उघडून-उघडून इतकी झिजली होती, की आता ते चिकटपट्टीवरच तगून होतं.

"सेल कोण खातं, ते मी शोधणारच," ती दात खाऊन म्हणाली.

"महिन्यापासून हेच सांगून राह्यली तू."

हे लागलं. कारण खरं होतं. अकरावी सायन्सच्या नंदिनीनं आतापर्यंत सगळे उपाय करून पाहिले होते. रिमोट गाडीजवळ राहिला तर तो सारखा गाडीशी बोलत बसतो, असं तिनं वाचलं. गाडी अंगणाच्या पार टोकाला लावली. सेल मेला. टीव्ही, चार्जर यांच्याजवळ रिमोट ठेवू नका, असं गाडीच्या पुस्तकात होतं. टीव्ही वर्षभर बंदच पडलेला, म्हणून चार्जर दुसऱ्या खोलीत नेला. सेल मेला! रिमोट आपटून फोडावा आणि तुकडे तलावात फेकावे, असं तिला वाटत होतं.

दुपारी ती पोंभुर्ण्याला, सेल विकणाऱ्या प्रफुलच्या दुकानात जाऊन धडकली.

"प्रफुलभाऊ, डुप्लिकेट सेल देता का हो?"

"आली मोठी सीआयडी!" प्रफुल हसला. "दसऱ्याले याच पाकिटातला सेल तुही आई घेऊन गेल्ती, पापडाच्या वजनकाट्यासाठी. थो मेला का?"

नंदिनी परत फिरली. वजनकाटा ठणठणीत होता.

घरी येऊन तिनं आत्यालाच समोर बसवलं.

"दसऱ्याच्या आधी सेल किती टिकायचा?"

"पाच महिने एकच होता."

"आणि दसऱ्यानंतर एकदाही टिकला नाही?"

आत्यानं डोकं खाजवलं. "टिकला ना. चंद्रपूरले ट्रेनिंग होतं, तवा. आठ दिवस रिमोट बॅगेत होता, काई झालं नाई. घरी आली अन् चौथ्या दिवशी गेला."

"घरी कुठे ठेवतेस?"

"आणखी कुठी? ढोलीवरच्या खिळ्याले. बेल्ट, टोपी, रिमोट, सगळं तिथंच."

ढोली म्हणजे माजघरातली माणसाएवढी उंच बांबूची कणगी. धान अजून शेतात उभं होतं, म्हणून ती रिकामीच, वर पोती टाकलेली.

नंदिनी स्वयंपाकघरात गेली. आई, वच्छला, वांगी चिरत होती.

"आई, आत्याच्या रिमोटला कोण हात लावतं?"

"मले काऊन विचारते? माहाच रेडिओ बिघडला. दिवे लागले का टक टक टक सुरू. दिवसा कसा साजरा वाजते!"

बाबा, म्हणजे गुणवंतराव, सात वाजताच खाटेवर आडवे झाले होते.

"बाबा, मागच्या वर्षी धान उभं होतं तेव्हा तुम्ही रोज रात्री शेतात जागलीला जायचे. या वर्षी घरी कसे?"

"झटका मशीन आणली ना! तारेले डुक्कर लागला का बसला झटका. मशीन बांधावर, म्या खाटेवर!"

"बांधावरच्या मशीनच्या पेटीला कुलूप का?"

"शेजारच्या देवाजीची मशीन चोरीले नाई गेली का? निज आता."

आणि ते कुशीवर वळले. जरा जास्तच पटकन.

रविवारी दुपारी नंदिनी घरामागच्या शेतावर गेली. बांधावरच्या लोखंडी पेटीवर तिनं थाप मारली. पेटी ढणढण वाजली. तारेच्या मागे-मागे ती चालत राहिली. तार बांधावरून परसात आली, कुंपणावरून घराच्या मागच्या भिंतीकडे वळली.

नंदिनीला एकदम नाचावंसं वाटलं.

दिवे लागले तसं तिनं सगळ्यांना माजघरात बोलावलं. हातात आईचा रेडिओ. तिनं काटा दोन स्टेशनांच्या मध्ये आणला. नुसती खरखर. त्या खरखरीतून, सेकंदासेकंदाला, टक. टक. टक. दाराशी बारीक. खिळ्याशी मोठी. ढोलीला रेडिओ टेकवला तर कानाला लागेल अशी.

"ढोली रिकामी हाय, नंदे," बाबा घाईनं म्हणाले.

"आत्या, रिमोटची खोळ काढ."

आत्यानं ढोलीशी उभं राहून खोळ काढली. रिमोटचा बारका लाल दिवा लुकलुकत होता. टक झालं की लुक. टक, लुक.

"आता अंगणात जा."

अंगणात दिवा विझला तो विझलाच. आत्या परत आली, दिवा पुन्हा लुकलुकला.

"रिमोट म्हणजे एक कान उघडा ठेवून झोपलेला माणूस," नंदिनी म्हणाली. "गाडीनं हाक मारली की उठायचं, उत्तर द्यायचं, परत झोपायचं. उठलं की सेल खर्च होतो. इथे त्याला गाडी हाक मारत नाही, दुसरंच कुणी दर सेकंदाला दणका देतं, आणि हा वेडा प्रत्येक वेळी उठतो. बारा तासांत त्रेचाळीस हजार वेळा! चंद्रपूरला दणका नव्हता, सेल टिकला. वजनकाट्याला कानच नाही, त्याचाही टिकला. रेडिओ भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात असतो आणि दिवे लागल्यावरच टकटकतो, कारण दणका देणारा रात्रपाळीचा आहे. बांधावरची पेटी रिकामी आहे, आणि तार आपल्या घरात येते."

तिनं पोती ओढली. आत, भुश्शावर ठेवलेली झटका मशीन आणि तिची बॅटरी. भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली वायर.

"गुन्हेगार," नंदिनी म्हणाली, "खाटेवर झोपतो."

कुणी हसलं नाही. वच्छला पांढरीफटक पडली होती.

"घरात करंट?" ती हळू म्हणाली. "जिवतीले माह्या भावाचा बैल तारेले चिकटून मेला. माह्या डोळ्यांपुढं. म्या तुमाले हात जोडून सांगतलं होतं, तारेचा करंट घरात नको."

"थो लायनीचा करंट होता, वच्छले. हा मारत नाई, नुसता झटका देते." बाबांची मान खाली. "पण तुले सांगतलं असतं तं तू ठेवू देली नसती. बांधावर ठेवली असती तं चोरानं नेली असती. मंग ढोलीत दडवली. आवाज जाऊ नाई म्हणून पोते टाकले."

"माही बीट चालली होती, दादा," आत्या म्हणाली.

"मले का मालूम, रिमोटले बी कान असते!"

आत्यानं खिळ्यावरचा बेल्ट, टोपी काढली, रिमोट खिशात टाकला. वच्छलानं वांग्यांची कढई चुलीवरून उतरवली आणि तशीच उभी राहिली.

"मशीन आत्ता बाहेर," ती म्हणाली. "गोठ्यामागं पक्की पेटी बांधा, कुलूप लावा. आन् पुन्हा माह्यापासून काई लपवलं तं जेवण बी मिळणार नाई."

बाबांनी एका शब्दाचाही वाद न घालता मशीन बंद केली, वायर सोडली, बॅटरी उचलली. आत्या टॉर्च धरून त्यांच्या पुढे चालू लागली.

महिनाअखेरीला साहेबांनी ड्यूटीची यादी पाठवली. आत्यानं ती दोनदा वाचली, फोन नंदिनीच्या हातात दिला आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसली. तिच्या बीटपुढे तिचंच नाव होतं.