चोकच्या तारेतला धूर

"काका, थांबा ना! धूर येतोय!" हर्षला ओरडली.

"धूर नाय गं, धूळ हाय ती!" म्हणत मालोजीकाकांनी पुन्हा किल्ली फिरवली. गाडी नुसतीच कण्हली आणि गप्प!

कशेळ्याचा बाजार करून सगळे घरी, पोशीरला परतत होते. वाटेत करवंदं दिसली, म्हणून काकांनी निर्जन चढावर जुनी फियाट थांबवली आणि इथेच घोडं अडलं. गाडी आबाजींची, म्हणजे काकांच्या वडिलांची. हल्ली तिला काय झालं होतं कोण जाणे! नवीकोरी बॅटरी घातली, तरी सारखी उतरायची.

"गाडीत भूत हाय," मागून चुलतभाऊ रुद्र पुटपुटला. एरवी हर्षलाने त्याची टर उडवली असती, पण आता तिचीच बोबडी वळली होती. रुद्रच्या मांडीवर तिची धाकटी बहीण जना गाढ झोपली होती, आणि मागची दारं आतून उघडतच नव्हती!

"जरा चोक ओढ गं!" काका म्हणाले. गार इंजिन सुरू करताना ओढायच्या त्या बटणाची दांडी हर्षलाने धरली आणि ती किंचाळली. बोटं चांगलीच पोळली होती!

चोकची तार थेट कार्बोरेटरला जाते, हे आबाजींनी तिला दाखवलं होतं. आणि तिथे तर पेट्रोल असतं!

"काका, पेट्रोलचा वास येतोय!"

"येणारच! गाडी काय उसाच्या रसावर चालते?" काकांचा हात परत किल्लीकडे गेला.

बापरे! हा माणूस ऐकणार नाही. हर्षलाचं डोकं झरझर चाललं.

"काका, मागचं चाक बसलं!"

"आँ?" काका टुणकन उतरले. हर्षलाने झटकन किल्ली काढली, बाहेर धाव घेतली, मागचं दार उघडलं आणि जनाला ओढून छातीशी धरलं. पाठोपाठ रुद्रने उडी टाकली.

"चाक तर ठीक हाय!" काका भडकले. "थापा मारतेस?"

"मारली थाप!" हर्षलाचा आवाज कापत होता. "आधी बॉनेट उघडून बघा!"

कुरकुरत काकांनी बॉनेट उघडलं. चोकच्या तारेवरचं आवरण वितळून गेलं होतं. काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

रुद्र वाकून बघत होता. "काका, इंजिनाची ही जाड पट्टी लोंबतेय कशी?"

"ती व्हय? पावसात गंजू नये म्हणून गाडीला खालून काळा रंग मारला ना, तवा सोडली. लावायची राह्यली. तिच्याबिगर चालतेय की!"

"कुठे चालतेय?" हर्षला उसळली. "वीज इंजिनात गेली, की तिला बॅटरीकडे परत यायला वाट लागते! ती वाट म्हणजे ही पट्टी, आणि तीच तुम्ही सोडून ठेवलीत. मग वीज घुसली चोकच्या बारीक तारेतून, म्हणून तार तापली. बॅटरीही त्यामुळेच नीट चार्ज होत नव्हती!"

"म्हणजे भूत काकाच!" रुद्र म्हणाला.

तार गार होईपर्यंत कुणी गाडीला हात लावला नाही. रंगातून वीज जात नाही, म्हणून काकांनी पट्टीच्या जागेवरचा रंग पान्याने खरवडला, खालचा पत्रा लखलखीत केला आणि पट्टी घट्ट आवळली. हर्षला जनाला घेऊन लांब आंब्याखाली उभी राहिली. छातीत नुसती धडधड! काकांनी किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. काकांनी भीत भीत तारेला बोट लावलं. गारच होती!

घरी आबाजींनी सगळं ऐकलं, हर्षलाच्या बोटांना कोरफड लावली आणि म्हणाले, "शाबास गं पोरी! लय धीराची!"

एवढा वेळ दाबून ठेवलेलं रडू आता फुटलं. "धीर कसला, आबाजी! मी खूप घाबरले होते!"

"भ्यालीस म्हणून तर समदी घरी आलात!" आबाजींनी तिला जवळ घेतलं आणि मालोजीकाकांकडे डोळे वटारले. "ह्यो घोडा भ्यालाच नाय!"