भिंतीपलीकडचं घर

निशिकांतने डब्याचं झाकण उघडलं आणि मटणाच्या रश्श्याचा वास खोलीभर पसरला. सकाळी मिरजेच्या घरात त्याने तो स्वतः केला होता, कारण हेमांगीला रस्सा त्याच्याच हातचा लागायचा. चौदा महिन्यांनी तो तिला वाढत होता.

हेमांगीने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"सूर्य मावळला," ती म्हणाली. "आता मी जेवत नाही. आणि यात कांदा-लसूण असेल ना?"

दर रविवारी नळ्या चोखून खाणारी ही बाई. दहा वर्षांची कुहू आईकडे बघायची सोडून बापाकडे बघू लागली.

स्क्वाड्रन लीडर हेमांगी दळवीचं विमान युद्धाच्या चौथ्या दिवशी सरहद्दीपलीकडे पडलं. कैद्यांच्या अदलाबदलीत ती परत आली, पण घरी नाही, तर पुण्याच्या या ओळखकेंद्रात. हल्ली लढाईवर जाणाऱ्या प्रत्येक वैमानिकाची मनोमुद्रा घेऊन ठेवत. डोक्यावर तारांची जाळी चढवून त्याच्या आठवणी जाग्या करायच्या आणि कोणत्या आठवणीला मेंदूत कुठे उजेड पडतो, त्याचा नकाशा त्या आठवणींसकट जपायचा. परतलेल्या माणसाचा नवा नकाशा त्या जुन्याशी ताडून बघत. ऐंशी टक्के जुळला तर घरी जायची परवानगी मिळे. हेमांगीचा चोपन्न टक्के जुळला होता.

"शत्रूने यांच्या डोक्यात दुसरंच कुटुंब भरलंय," केंद्राच्या प्रमुख डॉ. केळुसकर म्हणाल्या आणि त्यांनी एक कागद निशिकांतपुढे ठेवला. हेमांगीने चाचणीत दिलेली उत्तरं आज पहिल्यांदाच त्याला बघायला मिळत होती. मुलं किती? दोन, सन्मती आणि पार्श्व. देवघरात कोण? पार्श्वनाथ. अंगणात काय? सीताफळ.

निशिकांत वाचत गेला आणि मध्येच त्याला हसू फुटलं. डॉक्टरांना वाटलं, बिचाऱ्याचं डोकं फिरलं.

"अहो डॉक्टर, हे शत्रूने भरलेलं नाही. हे मगदूम काकूंचं घर आहे, जैनांचं; सन्मती आणि पार्श्व त्यांची मुलं. आमच्या शेजारचं. दोन्ही घरांची भिंत एकच. आमची कुहू दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडे जेवायची आणि रात्री आमच्याकडे पुन्हा."

"हे मी इथे आले त्याच दिवशी सांगितलं होतं," हेमांगी म्हणाली. "पण चोपन्न टक्के माणसाचं ऐकतो कोण?"

मग तिने ते पुन्हा सांगितलं, या वेळी नवऱ्याला. पलीकडच्यांकडेही अशीच जाळी होती. ते आधी घराविषयी विचारत. मुलीचं नाव काय, जेवायला काय आवडतं, अगदी गोड बोलून. तुझ्या घरच्यांचाच निरोप आहे, असंही सांगत, पण तिने कुणाचंच खरं मानलं नाही. घराच्या आठवणीने मेंदूत जो उजेड पडतो, त्याचा माग एकदा लागला की त्याच वाटेने बाकीचं सगळं उकलता येतं. विमानं कुठून उडाली, कोण कुठे आहे, सगळं. नुसतं खोटं बोलून भागत नव्हतं, कारण खोट्याला उजेडच पडत नाही.

"मग मी भिंतीपलीकडे राहायला गेले," ती म्हणाली. "काकूंचं घर मला आतून-बाहेरून पाठ होतं. पण पाठ असून उपयोग नव्हता, तिथे जगायला हवं होतं. सूर्य मावळल्यावर आणलेलं ताट मी परत पाठवायचे. कांदा दिसला की सगळंच बाजूला. मार खाल्ला, उपाशी राहिले. सातव्या महिन्यात त्या घराला उजेड पडायला लागला. मग त्यांनी खुशाल माग काढला आणि जाऊन कुठे पोहोचले, तर काकूंच्या पापडाच्या डब्यापाशी."

त्या देशातली सगळी यंत्रं एका मिरजकरणीने शेजारच्या स्वयंपाकघरात फिरवत ठेवली होती. निशिकांतचा ऊर भरून आला. पण हेमांगी कुहूकडे वळली आणि तिचा आवाज उतरला.

"तू माझी मुलगी आहेस, हे मला माहीत आहे. पण डोळे मिटले की सन्मती आणि पार्श्वच दिसतात. तू दिसत नाहीस. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही."

कुहूने मान खाली घातली.

डॉ. केळुसकर वाईट बाई नव्हत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मग तर पुनर्मुद्रण हाच उपाय. जुनी मुद्रा पुन्हा उमटवू. कुहू आठवेल, सगळं आठवेल. हे चौदा महिने पुसले जातील आणि छळही आठवणार नाही. ओळख पटेपर्यंत यांची स्वतःची सही चालत नाही, तेव्हा तुमची लागेल, दळवी सर."

त्यांनी संमतीचा अर्ज पुढे सरकवला आणि निशिकांतने पेन घेतलं. त्याला ती हवी होती, नळ्या चोखणारी, लेकीला हाक मारताना घर डोक्यावर घेणारी. चौदा महिने त्याने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

"सही केलीस तर तुझी बायको तुला मिळेल," हेमांगी म्हणाली. "पण मी जाईन. त्यांना तिथे जे जमलं नाही, ते तू एका सहीत करशील. चौदा महिने मी एकटी लढले, निशी, आणि जिंकले. ते पुसायचा हक्क मी कुणालाही देत नाही. तुलाही नाही."

"मग तुला घरी कसं नेऊ?"

"त्याच कागदाच्या मागे बघ."

मागे दुसरा अर्ज होता, मनोमुद्रा कायमची नष्ट करण्याचा. सैनिक मरण पावल्यावर घरच्यांनी तो भरायचा असे, पण सैनिक मेलेलाच हवा असं नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ताडायला जुना नकाशाच उरला नाही, तर तिला अडवायला नियमही उरत नव्हता. केंद्रातल्या कुणाला हे सुचलं नव्हतं. हेमांगीने मात्र इथले तीन आठवडे नियमांचं पुस्तक वाचण्यात घालवले होते.

"विचार करा," डॉक्टर म्हणाल्या. "त्या मुद्रेत कुहूच्या जन्माची आठवण आहे. जगात दुसरीकडे कुठेही ती तशी नाही. एकदा गेली की गेली."

"आणि ती असेपर्यंत तुम्ही सगळे मला तिच्याशी ताडत राहणार," हेमांगी म्हणाली. "हाही. मी रोज नापास होईन."

निशिकांतला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मग त्याने कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला सही केली.

डॉ. केळुसकर कागद घेऊन आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने दारावरच्या पट्टीवर हेमांगीच्या नावासमोरचा चोपन्नचा आकडा गेला आणि जागा कोरी राहिली.

कुहू उठली आणि आईच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मी जन्मले तेव्हाचं बाबांना माहीत आहे," ती म्हणाली. "पुढचं सगळं मला आठवतं. मी तुला रोज थोडं थोडं सांगेन. पण आई, तिथे तू कुणाचंच खरं मानलं नाहीस. माझं मानशील?"