धाकटीची वीण

थोरली त्या दिवशी लोकरीच्या दुकानात गेली ती निळसर राखाडी लोकर घ्यायला. तिच्या एकुलत्या एका मुलाला दूर डोंगरातल्या गावी नोकरी लागली होती, आणि तिथली थंडी म्हणे हाडं गोठवणारी. दुकानदारानं फळीवरचे गठ्ठे वरखाली केले आणि मान हलवली.

"हा रंग आता येत नाही हो. शेवटची लोकर तुमच्या जाऊबाईंनीच नेली. काय हात होता त्यांचा!"

थोरलीच्या कपाळाला आठी पडली. मेलेल्या माणसाचं कौतुक मुकाट्यानं ऐकावं लागतं, उलटून बोलता येत नाही. ती तशीच घरी आली आणि कपाटाच्या तळातून धाकटीचा त्याच लोकरीचा स्वेटर बाहेर काढला.

दोघी जावा. दोघींचे नवरे लागोपाठ गेले आणि घरात उरल्या या दोघी आणि थोरलीचा मुलगा. धाकटी मागच्या खोलीत राहायची, लोकांचे स्वेटर विणायची, आणि त्यातूनच पुतण्याच्या शिक्षणालाही हातभार लावायची. थोरलीही विणायची, पण साधं. धाकटीच्या सुयांवर मात्र वेण्या उमटायच्या, एकीत एक गुंतलेल्या, जाड आणि उठावदार. वेणी घालायची म्हणजे काही टाके आडसुईवर, म्हणजे तिसऱ्या आखूड सुईवर, काढून पुढे धरायचे, त्यांच्या मागचे आधी विणायचे, मग धरून ठेवलेले विणायचे. सांगायला सोपं. थोरलीच्या हातून दर वेळी टाके निसटायचे, आणि नाचता येईना अंगण वाकडं, तशी ती सुयांना नावं ठेवायची. धाकटी तिला कधी हसली नाही. थोरलीला तेच जास्त झोंबायचं.

गेल्या हिवाळ्यात धाकटीला दम्याचा झटका आला आणि ती गेली. "मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं," असं थोरलीनं सगळ्यांना सांगितलं. धाकटीच्या अंगातला हा स्वेटर मात्र तिनं, माणसं जमायच्या आत, काढून ठेवला होता.

आता तिनं त्याची गळ्याजवळची गाठ सोडली आणि धागा ओढला. वेण्या एकामागून एक उसवत गेल्या. उसवलेली लोकर कुरळी होते, प्रत्येक टाक्याचं वळण धरून बसते. तिनं लडी करून कोमट पाण्यात भिजवल्या. पाण्याला निलगिरीच्या तेलाचा वास सुटला, धाकटी छातीला लावायची तोच. थोरलीनं नाक मुरडलं आणि लडी वजन बांधून दोरीवर टांगल्या. चार दिवस टांगल्या, तरी लोकर सरळ होईना.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही," ती लडींकडे बघून पुटपुटली.

तिनं साधी वीण घातली, एक ओळ सुलट, एक उलट. दुसऱ्या दिवशी सकाळी विणकाम हातात घेतलं तर खालच्या काठाजवळ करंगळीएवढी वेणी होती. तिनं डोळे चोळले. वेणीच. तिनं तेवढं उसवलं आणि पुन्हा साधं विणलं. तिसऱ्या दिवशी तिथे दोन वेण्या होत्या, शेजारी शेजारी. दुसरी एखादी घाबरून हातातलं टाकून उठली असती. थोरलीला राग आला. मेल्यावरही हिचाच हात वर! तिनं दात-ओठ खाऊन स्वेटर पुरा केला आणि वेण्यांकडे न बघता शिवला.

मुलगा निघायचा त्या दुपारी बाहेर दाट धुकं उतरलं होतं. खिडकीच्या काचेपलीकडे काही दिसत नव्हतं. मुलानं स्वेटर घातला, आरशात पाहिलं आणि छातीवरून हात फिरवला. आता छातीभर वेण्या होत्या.

"आई, वेणी कधी शिकलीस? अगदी काकूसारखी."

"तुझ्या काकूला तरी कुणी शिकवलं होतं? मीच!" थोरली म्हणाली. तोंडातून निघून गेलं. पण गेलं ते गोड वाटलं.

मुलगा बॅग भरायला वाकला आणि थांबला.

"जरा... आवळतोय गं."

वेणी घातली की वीण आत ओढली जाते, म्हणून वेण्यांच्या स्वेटरला टाके जास्त घ्यावे लागतात. हे थोरलीला ठाऊक होतं, धाकटीनंच तिला सांगितलं होतं. ती लेकाच्या जवळ गेली. बरगडीपाशी साध्या विणीचे टाके हळूच उचलले गेले, एकमेकांवरून पलीकडे गेले आणि बसले. नवी वेणी. तिच्या शेजारी आणखी एक. सुई नाही, हात नाही. स्वेटर एका बोटानं अरुंद झाला.

"काढ! आधी काढ तो!"

त्यानं हात वर करायला पाहिलं, पण ते खांद्याच्या वर जाईनात. तिनं खालून ओढला, तो तसूभर सरकला नाही. तिनं कात्री आणली. पातं विणीवरून नुसतं घसरत राहिलं. मुलाचा चेहरा काळानिळा पडायला लागला, आणि त्याच्या श्वासातून बारीक शीळ निघू लागली. ती शीळ तिनं याआधी या घरात ऐकली होती.

तेवढ्यात मागच्या भिंतीवर आवाज झाला. टक... टक. लोखंडी सुईनं भिंतीवर मारल्यासारखा.

थोरली धावत मागच्या खोलीच्या दाराशी गेली. दार उघडं होतं, आत धुकं शिरल्यासारखं पांढुरकं दिसत होतं, आणि निलगिरीचा वास. पलंगाच्या बाजूनं सुयांचा आवाज येत होता, न थांबता, कामात गढलेल्या बाईचा असतो तसा.

"धाकटे..." तिनं दाराची चौकट धरली. "माझा लेक... त्याचा जीव चाललाय गं. सोड त्याला..."

आतून अगदी हळू, नेहमीच्या आदबीनं उत्तर आलं.

"थांबा हं, ताई... एवढी ओळ संपू दे."

थोरली दारातच खाली बसली. धाकटी गेली त्या दिवशीही भिंतीवर अशीच टकटक झाली होती. शेजारच्या खोलीत थोरली विणत बसलेली. ओळ अर्धी सोडून उठायचं नाही, टाके निसटतात, ही प्रत्येक विणणारीची सवय. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं होतं, "थांब, एवढी ओळ संपवून येते." ती ओळ संपली. मग तिनं दुसरी घेतली. टकटक मंदावत गेली तरी तिनं तिसरी घेतली, कारण दुकानदारानं त्याच सकाळी धाकटीचे गोडवे गायले होते आणि थोरलीच्या पोटात ते सलत होतं. भिंत गप्प झाल्यावरच ती उठली होती.

"त्यानं तुझं काय वाकडं केलं?" ती म्हणाली. "तुझ्या मांडीवर वाढलाय तो. जे करायचं ते मला कर. मला दे तो स्वेटर... मला."

सुया थांबल्या. आतून 'हो' आलं नाही, 'नाही'ही आलं नाही.

ती परत आली तेव्हा मुलगा जमिनीवर बसून मोठमोठ्यानं श्वास घेत होता. स्वेटर त्याच्या पायाशी पडला होता. "आपोआप निघाला," तो म्हणाला. थोरलीनं तो उचलला आणि त्याला विचारायला वेळच न देता स्वतःच्या अंगात चढवला.

"आई! वेडी झालीस?"

"मला थंडी वाजतेय. तू जा, तुझी गाडी चुकेल."

लेकाच्या मापाचा स्वेटर तिच्या अंगाला अगदी शिवल्यासारखा बसला. आवळला नाही, टोचला नाही. मुलाला घराबाहेर काढून तिनं दाराला कडी लावली आणि तेव्हा कुठे ती पोटभर रडली.

तो स्वेटर पुन्हा निघाला नाही. उन्हाळा आला, शेजारीण म्हणाली, "अहो, उकडून मराल!" थोरली हसून वेळ मारून नेई. आंघोळही ती त्यावरूनच करी. स्वेटरचा गळा मात्र वर चढत होता. आधी मानेशी होता, मग हनुवटीशी आला. नवी लोकर कुठून येत होती देव जाणे. पण लेक सुखरूप होता, फोनवर खळखळून हसत होता, आणि तेवढ्यावर तिनं सगळं सोसलं. आपण देणं फेडतोय, असंच ती धरून चालली होती.

पावसाळा सरता सरता एका सकाळी गळा तिच्या ओठांवर आला. त्याच दुपारी लेकाचा फोन आला.

"आई, तू पाठवलेला मफलर मिळाला हं. इकडे थंडी सुरू झालीय, बरोब्बर वेळेवर आला. कसला सुंदर विणलायस, वेण्याच वेण्या! तोच आपला निळसर राखाडी रंग."

थोरलीनं कुठलाच मफलर पाठवला नव्हता. तिनं दोन्ही हातांनी स्वेटरचा गळा खाली ओढला. तो हलला नाही. तिनं जीव खाऊन ओरडायला पाहिलं, पण लोकरीच्या आतच ते विरून गेलं.

"हॅलो? आई, नीट ऐकू येत नाहीये... बरं, एवढंच विचारायचं होतं. सकाळी घातला तेव्हा छान सैल होता. आता जरा आवळतोय. धुतला की होईल ना गं सैल?"