दोनपैकी दोन

काम अगदी साधं होतं. ताईचा आवाज उतरवून घ्यायचा, एवढंच.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्हा दोघांनाही जन्मापासून दिसत नाही, आणि कॉम्प्युटर मला तिनंच शिकवला. पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा एक वाचक आमच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. ‘बटन’, ‘यादी, पाचपैकी दोन, निवडलेलं’ अशी त्याची अखंड टकळी चालू. ताई त्याला इतका भरधाव पळवायची की दुसऱ्या कुणाला अक्षर कळू नये. माझा आपला सावकाश. “तुझा वाचक जांभया देतो रे, वेंधळ्या,” म्हणायची.

गेल्या वर्षी ती गेली. तिनं ब्रेलवरून मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित केलेली एकच गोष्ट एका संकेतस्थळावर उरली होती, आणि ते त्या दिवशी पाच वाजता कायमचं बंद होणार होतं. तिथून फाइल उतरवून घ्यायची सोय नव्हती. मग उपाय एकच: गोष्ट लावायची आणि साउंड कार्डातून जाणारा आवाज जाता जाता रेकॉर्ड करायचा. मेख अशी की, वाचकाचा आवाजही तिथूनच जातो. म्हणून आधी रेकॉर्ड सुरू करायचं, सुरू झाल्याचं वाचकाकडून ऐकायचं आणि मगच त्याला मुका करायचा. हा क्रम ताईनं माझ्याकडून दहादा घोकवून घेतला होता. सव्वाचारला मी बसलो आणि घाईघाईत नेमकं उलटं केलं. वाचक आधीच मुका, त्यामुळे रेकॉर्डची कळ लागली की नाही, हे सांगणार कोण?

तोवर ताई बोलू लागली होती, आणि गोष्ट थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावायला वेळ उरला नव्हता. पाऊण तास मी हात मांडीवर ठेवून ऐकत राहिलो. मध्येच लवंगेचा वास आला. वाचायला बसण्याआधी घशासाठी ताई लवंग चघळायची. मला वाटलं, बायको आली असेल.

गोष्ट संपली, तेव्हा दारातून खरंच बायकोचा आवाज आला. “अहो... रेकॉर्डिंग चालू दिसत नाहीये.”

“नीट बघ ना.”

“बघितलं. इथून पडदा स्पष्ट दिसतोय. काहीच चालू नाहीये हो...”

पाच वाजून गेले होते. ते पान पुन्हा उघडेना. माझ्याच वेंधळेपणानं ताई दुसऱ्यांदा गेली होती, आणि मला रडू आवरेना.

थोड्या वेळानं वाचकाला बोलता केला आणि उगीच आपलं रेकॉर्डिंगचं फोल्डर उघडलं.

“फाइल, एकपैकी एक,” वाचक सावकाश म्हणाला. “वेंधळ्या.”

मी ते नाव दिलं नव्हतं. फाइल लावली. ताईचा आवाज! अख्खी गोष्ट, स्वच्छ. पण तिच्या आवाजाखाली, अगदी दबक्या स्वरात, वाचकही बोलत होता. मुका केलेला वाचक. आणि ताईच्या वेगानं.

खरं तर घाबरायला हवं होतं, पण मला आधी कुतूहल वाटलं. ते तुकडे मी हळू करून ऐकले. सुरुवातीला होतं, “रेकॉर्ड, बटन. दाबलं.” मग थेट शेवटी, “खुर्ची, दोनपैकी एक. निवडलेली.”

माझ्या टेबलाशी दोन खुर्च्या आहेत. शेजारची ताईची. शिकवताना ती तिथे बसायची.

“खुर्ची, दोनपैकी दोन. निवडलेली.”

मी फाइल थांबवली. “मघाशी तू इथे बसली होतीस का गं?”

“छे. मी दाराच्या आत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही,” बायको म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. “अहो... लवंग खाल्लीत का तुम्ही?”

मी उत्तर देणार, तोच वाचक आपणहून बोलू लागला. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

“वेग,” तो म्हणाला. “शंभरपैकी चाळीस... पन्नास... साठ...”