धनी जेवले का?

ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याचं नाव राजकुमार आहे, हे कळलं तेव्हा तनुजाला हसू येणार होतं. पण हसायलाही अंगात त्राण लागतं, आणि सलग दुसरी पाळी करणाऱ्या तनुजाकडं ते नव्हतं.

बीड बायपासवरच्या त्या वृद्धाश्रमात, सगळं विसरलेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या नऊ म्हाताऱ्यांचं ती करायची. त्यातल्या साळूबाईंनी चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. ताट पुढं केलं की मान फिरवायच्या. शेवट जवळ आला की भूक मरतेच, असं डॉक्टर म्हणाले. ते खरंही असेल. पण बाई उपाशी जाणार, हे तनुजाला काही केल्या सोसत नव्हतं.

त्या दुपारी शेजारच्या खाटेला सिलिंडर जोडून राजकुमार घाम पुसत उभा राहिला, आणि साळूबाईंनी डोळे उघडले. त्याच्याकडं एकटक पाहिलं. मग पदर डोक्यावर ओढला.

"धनी जेवले का?" त्यांनी तनुजाला विचारलं.

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर नवऱ्याच्या मागून जेवलेली ही बाई, आणि आपण रोज तिच्याच पुढं आधी ताट ठेवत होतो!

"दोन घास खा ना..." ती राजकुमारला हळूच म्हणाली.

"म्हंजे लग्नाआधीच नवरा व्हायचं व्हय?"

"वरणभात मिळतोय. नखरे नका करू."

त्यानं खाल्लं. मग साळूबाईंनीही आ केला — चार दिवसांनी.

तेव्हापासून तो रोज दुपारी जेवणाच्या वेळेला हजर व्हायचा. वरण अळणी आहे म्हणून कुरकुरायचा आणि वाटी चाटूनपुसून संपवायचा. बजाजनगरातली आपली खोली, फर्दापूरला चहाचं हॉटेल चालवणारी आई, सगळं सांगायचा. चमचा देताघेता बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही उगाच साळूबाईंकडं बघायची. तनुजाला हे आवडत होतं, आणि आवडतंय याचीच भीती वाटत होती. ज्याच्यात जीव गुंतवावा ते माणूस इथून उठून जातं, हे चार वर्षांत तिनं फार वेळा पाहिलं होतं.

सोळाव्या दिवशी साळूबाईंना गिळता येईना. आता घास द्यायचा नव्हता, नुसते ओठ ओले करायचे. राजकुमार आला तशी त्यांची नजर त्याच्यावर ठरली. ओठ हलले. काय विचारायचंय, ते दोघांनाही कळलं.

त्यानं त्यांचा हात हातात घेतला. "पोटभर जेवलो मी," तो म्हणाला. "आता तू नीज."

तासाभरात त्या गेल्या.

तनुजानं त्यांचं अंग पुसलं, धुतलेलं लुगडं नेसवलं, त्यांच्या पुण्यातल्या मुलाला फोन केला. रडायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. बाहेर आली, तर राजकुमार पायरीवर बसलेला.

"सुटलात तुम्ही," ती म्हणाली. "उद्यापासून अळणी वरण नाही."

"इथली फेरी तर मागच्या हप्त्यातच दुसऱ्याकडं गेली, तो रात्री सिलिंडर टाकून जातो. मला शेंद्र्याच्या कारखान्यांची फेरी दिलीय." तो किल्लीशी चाळा करत म्हणाला. "जेवायच्या सुट्टीत येत व्हतो. आधी म्हातारीसाठी... मग तिच्या नावाखाली."

शेंद्र्याहून! एवढ्या लांबून, या उन्हात! तनुजाला त्याचा रागच आला, आणि रागाच्या मागोमाग रडू.

"मला आता कुणाचं काही करायचं नाही हो," ती म्हणाली. "लई दमले मी."

"नका करू. माझं मला येतं सगळं. भाजीत मीठ बी घालतो."

आतून पाच नंबरच्या खाटेवरच्या आजी हाका मारू लागल्या. राजकुमार उठला, टेम्पोकडं वळला. या घरात 'थांबा' म्हटलेलं कुणी थांबत नाही, म्हणून तनुजानं तो शब्दच सोडून दिला होता.

"माझी पाळी सहाला सुटते," ती कशीबशी म्हणाली. "तोवर... थांबाल?"

त्यानं शेंद्र्याला फोन लावला, आज येणं होत नाही म्हणून सांगितलं, आणि परत पायरीवर बसला.